डिझेल घेतलं त्या वर्षी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हाव्रिलाकांच्या जुन्या पिकअपचं इंजिन बसलं. बसलं तेही नदीच्या चढावर, मागे ट्रेलरमध्ये बाजाराला निघालेली नऊ वासरं असताना. नेस्टर हाव्रिलाकने गाडी कशीबशी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि वाफेचा भपकारा तोंडावर घेऊन मागे सरकला. तेवढ्यात शेजारचा एल्मर फूर आपल्या डिझेल पिकअपमधून, मागे मोठ्या ट्रेलरमध्ये वीस वासरं घेऊन, तोच चढ चढत आला. थांबला नाही. दोनदा हॉर्न वाजवला आणि वर निघून गेला.

वासरं उतरवून तासाभराने एल्मर परत आला आणि त्याने नेस्टरचा ट्रेलर बाजारापर्यंत ओढून नेला. मदत त्याने केलीच. पण नेस्टर घरी आला तेव्हा त्याने बायकोला आधी हॉर्नचं सांगितलं, इंजिनाचं नंतर.

स्टेफाने त्याच्या गालावर लोणी लावलं. गाल लाल झाला होता आणि दाढीचे पांढरे खुंट त्यात उठून दिसत होते.

"नवीन घ्यावी लागेल," ती म्हणाली.

"घेऊ. आणि या वेळी डिझेल."

लग्नाआधी कॅनडातल्याच एडमंटन शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत स्टेफाने नऊ वर्षं काढली होती. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय तिथली. तिने भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर काढलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरलं. ज्या दिवशी गाडी शहरात गेली त्या दिवशी निळा ठिपका, ज्या दिवशी मागे ट्रेलर लागला त्या दिवशी लाल, असे ठिपके ती वर्षभर देत आली होती. जुनी गाडी जाणार हे तिला दिसत होतं.

"निळे दोनशे नऊ. लाल तेवीस," ती म्हणाली. "आपली गाडी दोनशे नऊ दिवस अंडी पोचवते, नेस्टर. दवाखाना, चर्च, दुकान धरून."

"आणि तेवीस दिवस माझी लाज काढते."

"ऐक तर. नव्या पिकअपमध्ये तीन इंजिनं मिळतात. लहान पेट्रोल सोडून दे. शहरात चांगलं, पण साडेपाच टन मागे लावले की धापा टाकेल."

"बघ, तुलापण कळतंय."

"मोठं पेट्रोल. आठ सिलिंडर. पेट्रोल जास्त पितं, मान्य. पण उणे तीस थंडीत चालू होतं, दर पाच मिनिटांनी बंद केलं तरी कुरकुरत नाही. आणि नदीचा चढ चढतं. दुसऱ्या गिअरमध्ये, हळू, पण चढतं. मी आकडे पाहिलेत."

"हळू म्हणजे किती हळू? एल्मर मागून येऊन पुढे जाईल इतकं?"

"जाऊ दे ना त्याला पुढे."

नेस्टर उठला. "तू त्या चढावर नव्हतीस," म्हणाला, आणि गुरांकडे गेला.

गुरांच्या बाजारात खानावळीचं एक लांब टेबल आहे. शनिवारी लिलाव सुरू होईपर्यंत तिथे कॉफी पीत बसायचं, आणि कोण काय ओढतो, कशाने ओढतो, हेच बोलायचं. त्या टेबलावर पेट्रोलवाल्याला जागा मिळते, पण कोपऱ्यात. त्या शनिवारी स्टेफा अंड्यांचे ट्रे खानावळीच्या मागच्या दाराने देत होती. तिच्या कानावर सगळं पडलं.

"मग काय, नेस्टऱ्या, ठरलं का?" एल्मरने विचारलं.

"घरी विचार चाललाय."

"घरी? लेका, इंजिन घेतोयस का पडदे?"

टेबल हसलं. नेस्टरही हसला. त्याचा गाल अजून सोललेलाच होता, त्यामुळे हसताना तोंड एकीकडे ओढलं गेलं. स्टेफाने रिकामे ट्रे उचलले आणि बाहेर आली. त्याच क्षणी तिला कळलं की डिझेल येणार.

गाड्यांच्या दुकानात विक्रेत्याने नेस्टरला इंजिनाची ओढ सांगितली आणि स्टेफाला विचारलं, "ताई, सीटचा रंग कोणता आवडेल?"

"फिल्टरचं काय?" स्टेफाने विचारलं.

विक्रेत्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "कसला फिल्टर?"

"धुरातली काजळी अडवतो तो. तो भरला की गाडी स्वतः तापवून जाळते ना? आमची गाडी बारा किलोमीटर जाते आणि मग दारोदार थांबते. तापणार कधी?"

"तेवढं काही नाही," तो नेस्टरकडे वळून म्हणाला. "आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास पळवायची. काजळी जळून जाते. फिरायला गेल्यासारखं."

"रविवारी चर्चनंतर नेईन," नेस्टर म्हणाला. "दर रविवारी. झालं समाधान?"

"दर रविवारी?"

"सांगतोय ना."

गाडी पांढरी होती. पहिल्याच शनिवारी नेस्टरने ती खानावळीच्या खिडकीसमोर लावली आणि इंजिन चालूच ठेवून आत गेला. स्टेफा गाडीतच बसून होती. आवाज खोल होता, छातीत जाणवणारा. तिला तो आवडला नाही असं म्हणता येणार नाही. नेस्टर परत आला तेव्हा त्याची पाठ सरळ झाली होती. बासष्टाव्या वर्षी माणसाची पाठ गाडीने सरळ होते, हे पाहून तिला बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

मंगळवार आणि शुक्रवार तिचे. शहरात सव्वीस दारं: अंडी, गोठवलेल्या पिरोगी म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, कोबीच्या पानातले भाताचे गुंडाळे, शेपू घातलेलं लोणचं. बहुतेक गिऱ्हाइकं म्हातारी, गाव सोडून लेकीसुनांजवळ येऊन राहिलेली. तिच्याशी युक्रेनियन बोलायला मिळतं म्हणून दोन डझनांऐवजी एक डझन घ्यायची आणि पुन्हा शुक्रवारी बोलवायची. पूर्वी ती इंजिन चालू ठेवूनच दारापर्यंत जाई. आता तसं करता येईना. तिसऱ्या गल्लीतल्या बाईने काचेवर चिठ्ठी लावली: तुमच्या गाडीच्या धुराने माझ्या नवऱ्याला खोकला येतो. मग दर दाराशी किल्ली फिरवायची. बंद. चालू. बंद. जानेवारीत उणे अठ्ठावीसमध्ये गाडीत बसलं तरी श्वासाची वाफ दिसायची. इंजिनाच्या तापमानाचा काटा अर्ध्यावरही येत नसे.

डिसेंबरातच समोरच्या पडद्यावर पहिल्यांदा ओळ उमटली: फिल्टर साफ होत आहे, गाडी चालवत राहा. स्टेफाने उरलेली नऊ दारं तशीच ठेवली आणि शहराभोवतीच्या मोठ्या रस्त्यावर गाडी घातली. ओळ पुसली जाईपर्यंत पळवली. चाळीस मिनिटं लागली. गाडीच्या उबेने पिरोगी कडेने मऊ पडायला लागल्या. घरी येऊन तिने नेस्टरला सांगितलं.

"रविवारी नेतो," तो म्हणाला. नेलीही. पुढच्या रविवारीही नेली.

मग फेब्रुवारी आला आणि गाई विऊ लागल्या. नेस्टर रात्रंदिवस गोठ्यात. वासरू अडलं की कोपरापर्यंत हात आत, बाहेर आला की बाहीवर बर्फ. रविवारी चर्चमध्ये तो उभ्या उभ्या पेंगायचा. त्याला मोकळ्या रस्त्यावर गाडी ने म्हणायची स्टेफालाच लाज वाटे. तरी तिने मार्चमध्ये एकदा म्हटलं. एल्मर अंगणात उभा होता, एक वासरू टोचायला मदत करायला आलेला.

"नेस्टर, ती ओळ परत आली होती. दोनदा."

नेस्टर दमलेला होता. एल्मरकडे बघून म्हणाला, "गाडी कमी सूचना देते बाबा. ही गाडीलासुद्धा मागे टाकते."

एल्मर खो खो हसला. तोंडात सुईचं टोपण धरलेलं होतं ते खाली पडलं.

त्यानंतर स्टेफाने सांगणं बंद केलं.

आणि मोठ्या रस्त्यावर जाणंही बंद केलं. ओळ उमटली की ती वाचायची. फिल्टर साफ होत आहे, गाडी चालवत राहा. पुढचं दार आलं की किल्ली फिरवायची. ओळ विझायची. त्या विझण्यात काहीतरी होतं. आता त्याला कळेल, इतकंच, त्याहून जास्त नाही. तिने त्या गोष्टीला कधी नाव दिलं नाही. कॅलेंडरवर ठिपके द्यायचंही तिने सोडलं होतं. एप्रिल गेला, मे गेला. ओळ दर फेरीला येऊ लागली. ती तिला गल्लीतल्या ओळखीच्या कुत्र्यासारखी वाटायला लागली; भुंकतं, पण आपण चालत राहायचं.

पाऊस मात्र आला नाही. जूनमध्ये दोन सरी, त्याही धूळ बसेल इतक्या. जुलैत कुरणातलं गवत पायाखाली मोडायचा आवाज यायला लागला. पाऊल टाकलं की टोळ उडायचे आणि पँटला चिकटायचे. गुरांचं तळं आटून मधोमध हिरवं डबकं राहिलं, काठाला खुरांनी तुडवलेला चिखल वाळून दगड झाला. अठरा गाई दिवसभर फाटकाशी उभ्या राहायच्या आणि घराकडे बघायच्या. एका मंगळवारी, गाडी स्टेफाकडे असताना, नेस्टरने बसने जाऊन पश्चिमेला, नदीपलीकडे एकशे दहा किलोमीटरवर, टेकड्यांच्या पायथ्याला कुरण ठरवलं. तिकडे गवत पोटरीएवढं होतं. सहा-सहा गाई, तीन खेपा.

"थंड वेळेत जाऊ," तो म्हणाला. "पाचला भरायला लागू, सातला बाहेर."

पण झिर्का चढेना. झिर्का कळपाची पुढारीण, कपाळावर पांढरा ठिपका असलेली आठ वर्षांची तांबडी गाय. ती चढली की बाकीच्या चढतात. त्या सकाळी तिने ट्रेलरच्या फळीवर एक पाय ठेवला आणि उभी राहिली. नेस्टरने ढकललं, स्टेफाने पुढून बादलीतला भरडा दाखवला, दोघांनी मिळून एक सुटी फळी तिच्या पाठीमागे लावून रेटली. नेस्टरचा गुडघा त्या फळीखाली सापडला. नऊ वाजून गेले तेव्हा कुठे झिर्का एक उसासा टाकून आत गेली, जणू तिचाच विचार बदलला. तोवर ऊन टोचायला लागलं होतं.

नेस्टरने किल्ली फिरवली. पडद्यावर पिवळी ओळ आली. या वेळी वेगळी: फिल्टर भरला आहे, लवकर सर्व्हिस करा.

"हे काय गं?" नेस्टरने विचारलं. तो गुडघा चोळत होता.

स्टेफा पदरात भाकरीचा डबा घेऊन बसावं तशी मांडीवर जेवणाची पिशवी घेऊन बसली होती. मागे सहा गाई पाय बदलत होत्या. त्यांच्या वजनाने गाडी हलकीच डुलत होती. उतरवायचं म्हटलं तर पुन्हा दोन तास. आणि सांगायचं म्हटलं तर मार्चपासूनचं सांगावं लागलं असतं.

"काय माहीत," ती म्हणाली. "पुस्तकात असेल."

"बघू मग तिकडे गेल्यावर."

गाडी छान चालली. पहिले चाळीस किलोमीटर तर नेस्टर गुणगुणत होता. मग रस्ता नदीकडे उतरला, पूल आला, आणि पुलापलीकडे चढ सुरू झाला. चढाच्या पहिल्या वळणावर पडदा लाल झाला. इंजिनाचा आवाज एकदम मऊ पडला. नेस्टरने पाय दाबला. साठ. चाळीस. पाय पार तळाला टेकला होता तरी तीस. वीस. मागून येणारे हॉर्न देऊ लागले. अर्ध्या चढावर गाडी जवळजवळ चालण्याच्या वेगाला आली आणि मग नेस्टरने ती कडेला घेतली, कारण दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

तेहतीस अंश होते. वारा नव्हता. ट्रेलरचा पत्रा हात लावू देईना. गाडी चालते तोवर ट्रेलरच्या फटींमधून वारा फिरतो. उभी राहिली की तोच ट्रेलर भट्टी. नेस्टरने वरची झडप उघडली. दोघांनी पिण्याचं पाणी होतं तेवढं फटीतून गाईंच्या डोक्यांवर ओतलं. तीन बाटल्या. अंड्यांच्या पेटीतला बर्फ स्टेफाने हातात घेऊन आत टाकला. तो पाठींवर पडला आणि दिसेनासा झाला. हमरस्त्यावर गाई उतरवता येत नाहीत. गाई जिभा बाहेर काढून धापत होत्या, सगळ्या एकाच तालात, आणि ट्रेलर त्या तालावर हलत होता.

"एल्मरला फोन कर," स्टेफा म्हणाली.

नेस्टर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने केला.

एल्मर गवत कापत होता. मशीन सोडून, गाडीमागचा, ट्रेलर अडकवायचा गोळा बदलून यायला त्याला पावणेदोन तास लागले. त्यातल्या पहिल्या तासातच झिर्का बसली. मोठं अंग खाली गेलं तसा ट्रेलर एका बाजूला कलला. बाकीच्या पाचांना जागा नव्हती. त्यांचे खूर तिच्यावर पडत होते. नेस्टर बाजूच्या लहान दाराने आत शिरला. "नेस्टर, चिरडतील!" स्टेफा ओरडली. तो आत गाईंच्या पोटांना खांदा लावून, शिव्या देत, एकेकीला मागे लोटत राहिला. स्टेफा अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेने फटीतून वारा घालत होती. झिर्काचा डोळा तिला फटीतून दिसत होता. गाय तिच्याकडे बघत नव्हती. कुठेच बघत नव्हती.

एल्मर आला. हॉर्न वाजवला नाही. उतरला, ट्रेलरमध्ये डोकावला, टोपी काढून परत घातली. दोघांनी मुकाट्याने ट्रेलर एका गाडीवरून काढून दुसरीवर चढवला. कुरणावर पोचल्यावर पाच गाई पडत-धडपडत उतरल्या आणि थेट ओढ्याकडे गेल्या. झिर्काला साखळी लावून ओढून काढावं लागलं. तिच्या पोटात दोन महिन्यांचं वासरू होतं.

गाडी गॅरेजमध्ये ओढून नेली. तिथली मेकॅनिक रोवेना मूळची फिलिपिन्सची, ठेंगणी, चटपटीत. तिने डॅशबोर्डखाली वायर जोडली आणि संगणकावरचं वाचू लागली. नेस्टर आणि स्टेफा दोघंही तिच्यामागे उभे.

"फिल्टर गच्च भरलाय. इतका भरला की गाडी स्वतः जाळतच नाही, आग लागेल म्हणून. शक्ती कमी करते." तिने बोट सरकवलं. "साफ करायला सुरुवात केली, आणि मध्येच कोणीतरी बंद केली. हे बघा. एकेचाळीस वेळा. काका, एकेचाळीस! समोर पडद्यावर लिहून येतं ना? कोणी वाचलं नाही का?"

स्टेफाने तोंड उघडलं.

"चूक माझी," नेस्टर म्हणाला. "दर रविवारी लांब न्यायची कबूल केली होती. नेली नाही."

"अहो, रविवारी न्यायची, पण रोज बंद का करायची? नुसती पुढे चालवायची होती."

"म्हाताऱ्यांना काय कळतं त्यातलं," नेस्टर म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला.

रोवेना स्टेफाकडे पाहून समजुतीने हसली, नवरे असेच, अशा अर्थी. स्टेफाने तिला हसू परत दिलं. ते तिला नंतर कितीतरी दिवस जाळत राहिलं.

गॅरेजने दिलेल्या बारक्या गाडीत दोघं घरी निघाले. नेस्टरचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. शहर संपलं, मोहरीसारख्या कॅनोलाची पिवळी शेतं सुरू झाली, बुटकी, यंदा घोट्याच्या वर न गेलेली.

"मी बंद केली," स्टेफा म्हणाली. "एकेचाळीसच्या एकेचाळीस. वाचून बंद केली."

नेस्टर गाडी चालवत राहिला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मंगळवार-शुक्रवार मी कुठे चालवतो? मला वाटलं, वेळ नसेल. दारं असतात. म्हाताऱ्या वाट बघतात."

"तसं नव्हतं."

"नव्हतं?"

"तू एल्मरसमोर बोललास ना, तेव्हापासून."

तो काय बोलला होता ते त्याला आठवत नाही, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. चार महिने ती जे वाक्य घेऊन बसली होती, ते त्याने बोलल्या क्षणीच टाकून दिलं होतं.

"त्या दिवशी सकाळी मी विचारलं," तो म्हणाला, "हे काय म्हणून. तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

एका खड्ड्यात गाडी आपटली. नेस्टरने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट केले. त्याच्या अंगठ्याजवळ साखळीने कातडं सोललेलं होतं.

"पेट्रोल असतं, तर चढलं असतं?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

याचं उत्तर तिच्याजवळ ऑक्टोबरपासून तयार होतं. कितव्या गिअरमध्ये, किती वेगाने, किती वजन घेऊन, सगळं. आठ-नऊ महिने तिने ते जपून ठेवलं होतं. आता त्याने विचारलं आणि तिला तो आकडा तोंडात धरवेना.

"माहीत नाही," ती म्हणाली.

नेस्टरने मान हलवली.

उरलेल्या बारा गाई न्यायला दोन दिवसांनी एल्मर पहाटेच आला, आपला लांब ट्रेलर घेऊन. गाई या वेळी कोणी हाकायच्या आत चढू लागल्या. कोणी पुढे व्हायचं हे न ठरल्यामुळे दारात थोडी ढकलाढकली झाली, इतकंच. सूर्य वर यायच्या आत ट्रेलर भरला. नेस्टरने मागचं दार लावलं, खिट्टी ठोकली आणि एल्मरच्या शेजारी जाऊन बसला. पुढची सीट तिघांची होती.

"स्टेफा नाही येत?" एल्मरने इंजिन चालू करत विचारलं.

"तिला इथे काम आहे," नेस्टर म्हणाला. रागाने नाही. एखाद्या पाहुण्याबद्दल सांगावं तसं, सौम्यपणे.

तिने फाटक धरून ठेवलं होतं. ट्रेलर तिच्या शेजारून गेला तसा ओल्या, उबदार गुरांचा वास आला आणि फटींमधून नाकं दिसली. मग मातीच्या रस्त्यावर धूळ उठली, हमरस्त्यावर जाऊन वळली आणि विरली. मागे कुरणात एकही गाय उरली नव्हती. तरी स्टेफाने फाटक ओढून घेतलं, कडी घातली, आणि ती नीट बसलीय का ते हलवून पाहिलं.